गावंडे सरांची ढगळ पँट

गावंडे सरांच्या उजव्या पायाला हत्तीरोग होता. अठरा वर्षं स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, त्यांच्या डब्यातला ठेचा संपवला, त्यांच्या पँटीवरून त्यांना हजारदा चिडवलं, पण मला हे माहीत नव्हतं. कळलं त्या दिवशी साऱ्या शाळेला एकदम कळलं, आणि ते माझ्यामुळे. हा पाय कोणाच्या नजरेला पडू नये, एवढंच त्या माणसाला जगाकडून हवं होतं. तेवढंही मी होऊ दिलं नाही. आता ते नाहीत, तर निदान खरं तरी लिहावं, म्हणून बसले आहे.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्यात आले आणि सुरुवातीला कोणाच्या तरी रजेच्या जागेवर त्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा मार्च संपत आला होता आणि शाळा सकाळची झाली होती. पहिल्याच दिवशी फाटकातून एक उंच, सावळा माणूस सावकाश चालत येताना दिसला. अंगात साधा पांढरा बुशशर्ट, आणि खाली पँट म्हणावी की दोन परकर शेजारी शेजारी शिवलेत म्हणावं, असा प्रकार. कमरेला नीट बसलेली, पुढे दोन चुण्या, आणि तिथून जी सुटायची ती थेट बुटांवर येऊन पडायची. खालचा घेर, म्हणजे शिंप्याच्या भाषेत मोहरी, चांगली तेरा इंच. त्यापेक्षा आमच्या उशीचा अभ्रा अरुंद. वाऱ्याची झुळूक आली की दोन्ही पाय फुगायचे आणि सर मध्येच थांबून पँट खाली बसेपर्यंत उभे राहायचे. मला हसू आवरेना. शेजारी उभे असलेले शिपाई रामराव म्हणाले, हे गावंडे सर, विज्ञानाचे, हसू नका, माणूस सोन्यासारखा आहे.

उन्हाळ्याच्या त्यांच्याकडे तीन पँटी होत्या, तिन्ही एकाच कापाच्या. एक कवडीच्या रंगाची, एक राखेच्या, एक वाळलेल्या गवताच्या. कापड लिनन-मिक्स. ते का, याचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते कोणालाही, न विचारता, ऐकायला मिळायचं. टेरिकॉट माणसाला शिजवतं. निव्वळ सुती घामानं चिकटतं. निव्वळ लिनन खुर्चीत बसलं की असं चुरगळतं, जसं काही गाईनं चघळून दिलं. म्हणून अर्धं हे, अर्धं ते, वजनाला हलकं, आणि शिवायचं असं की कापडानं अंगाला शिवायचंच नाही. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे शास्त्र पटायला वेळ लागत नाही. दुपारी एक वाजता नळाच्या पाण्यानं हात भाजतो त्या गावात तेरा इंचाची मोहरी वेडेपणाची वाटत नाही. मलाही पटलं होतं. हिवाळ्यातही त्यांची मोहरी तेरा इंचच असते, हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ कधी डोक्यात आला नाही.

मुलं त्यांना तंबू म्हणायची. दरवर्षी आठवीच्या नव्या वर्गावर गेले की सर पहिलं वाक्य तेच बोलायचे. "मले तंबू म्हणतात, हे मले ठाऊक आहे. तंबूत गारवा काहून असते, हे तुमाले ठाऊक आहे का?" आणि तिथून बाष्पीभवन सुरू. दोन मडकी आणायची, एकावर ओलं टेरिकॉट घट्ट गुंडाळायचं, दुसऱ्यावर त्यांच्या पँटीचं उरलेलं कापड सैल टाकायचं, आणि तासाच्या शेवटी पोरांना हात लावून बघायला लावायचं. मी पलीकडच्या वर्गात व्याकरण शिकवत असायची आणि माझी मुलं कान तिकडे लावून बसायची. डासांचा धडा आला की मात्र सर फळ्यावर डास काढायचे, त्याची सोंड, त्याचे पाय, अगदी पंखांवरच्या रेषा. हत्तीरोगाचं चित्र कधी काढायचे नाहीत. पुस्तकात आहे, बघा, एवढं म्हणून पुढे जायचे. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली, की पहिली गोळी स्वतः गिळून मुलांना दाखवायचे आणि एकही पोर गोळी न खाता निसटू द्यायचे नाहीत.

त्यांच्या काही खोडी आम्हाला कोड्यात टाकायच्या. ते कोणाच्या घरी जायचे नाहीत. गेले तर दारातच उभे राहायचे. आमच्याकडे, तुम्हाला ठाऊक आहे, उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग प्यायला. माझ्या मुलीच्या बारशाला ते आले. सासूबाईंनी बादली, तांब्या पुढे केला. सर उंबऱ्याबाहेरच थांबले, घाई आहे म्हणाले, झबलं माझ्या हातात दिलं आणि वळले. सासूबाई दोन दिवस धुसफुसत होत्या. मास्तर मोठा मिजासखोर दिसतो, आपल्या घरचं पाणी चालत नाही का त्याला, म्हणाल्या. मीही मनातून दुखावलेच. पंगतीला खाली बसायचे नाहीत, सहलीत नदीत उतरायचे नाहीत, लग्न केलं नव्हतं. उजवा पाय जरा ओढत चालायचे, त्याला वात आहे म्हणायचे. आणि गुरुपौर्णिमेला हटकून रजा. त्या दिवशी आमच्या शाळेत मुलं शिक्षकांचे पाय धुऊन हळदकुंकू लावतात, जुनी प्रथा आहे. एकदा मी भर स्टाफरूममध्ये म्हणाले, सर, तुमचा वात बरा पंचांग बघून उठतो. सगळे हसले. सरही हसले. ते हसणं आठवलं की आता मला स्वतःच्या जिभेचा राग येतो.

सर आवाज चढवून बोललेले मी एकदाच ऐकले. नववीत एक मुलगी होती, तिच्या हातांवर कोड होतं. भर एप्रिलमध्ये ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून यायची. मुख्याध्यापकांनी नियम म्हणजे नियम, अर्ध्या बाह्यांचा गणवेश घालूनच यायचं, असं तिच्या आईला बोलावून सांगितलं. आई रडत बाहेर आली. गावंडे सर खडू हातात घेऊन तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तिले झाकायचं आहे तर झाकू द्या ना सर. लोकायचं झाकलेलं उघडं करून आपल्याले काय भेटते?"

त्या मुलीच्या बाह्या लांब राहिल्या. मला सरांचा फार अभिमान वाटला. अभिमानच वाटला फक्त. शहाण्या बाईला त्या वाक्यात आणखी काही ऐकू यायला हवं होतं.

सरांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असतील, तेव्हा एक मजा झाली. ढगळ पँटींची फॅशन आली. इतकी वर्षं पायाला साल चिकटल्यासारख्या पँटी घालणारी पोरं अचानक घेरदार पँटी घालून फिरायला लागली. अकरावीची दोन मुलं स्टाफरूमच्या दारात आली आणि अदबीनं विचारती झाली, सर, तुमचा टेलर कोण? गावंडे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जुन्या शहरातल्या शेख मास्टरांचा पत्ता त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला. त्या उन्हाळ्यात शेख मास्टरांकडे पोरांची रीघ लागली म्हणतात.

पुढे आम्ही दोघं एका प्रशिक्षणाला अमरावतीला गेलो होतो. परत निघताना बसला वेळ होता, म्हणून मी साडी बघायला एका दुकानाकडे वळले. बाहेर काचेत एक पुतळा उभा होता. त्याच्या अंगात लिनन-मिक्सची कवडी रंगाची पँट, दोन चुण्या, खाली घेर, सगळं सगळं सरांचं. सर काचेसमोर उभे राहिले. काचेत पुतळा, आणि त्याच्या शेजारी सरांचं प्रतिबिंब, दोघं एका शिंप्याची गिऱ्हाइकं दिसत होती. मी साडी बघून आले तरी ते तिथेच. म्हणाले, "मॅडम, तीस वर्सं लोकं मले हासले. आता कोणीच पाहून नाई राहिलं माह्याकडं. सारेच तंबू झाले." चेहरा इतका मोकळा झाला होता की मला वाटलं, माणूस फॅशनवर खूश आहे. कोणी आपल्याकडे बघत नाही, याचा माणसाला आनंद होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होते. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा गप्प झाले आणि अकोल्यापर्यंत गप्पच राहिले.

एप्रिलच्या अखेरीला ते निवृत्त झाले. मला समारंभ नको, हे त्यांनी महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. पण आमच्याकडे माणूस नको म्हणतो ते म्हणायचं असतं म्हणून. पाहुण्यानं दोनदा नाही म्हणावं, तिसऱ्यांदा आपण पोळी पानात वाढावीच, त्यानंही ती खावीच, असं आमचं आग्रहाचं गणित. निरोपाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, आणि कल्पनाही माझीच. अठरा गुरुपौर्णिमा सर चुकले, तर आता अठरांची मिळून एकच पाद्यपूजा करू. सरांना कळू द्यायचं नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की आदल्या दिवशी मी घरची पितळी परात चिंच लावून घासली.

सभागृह भरलेलं होतं. वर पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. सरांनी कवडी रंगाची पँट घातली होती, नवी, कडक इस्त्रीची. भाषणाला बोलावतोय असं सांगून त्यांना स्टेजवर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मग पडद्यामागून परात आली, तांब्या आला, हळदकुंकू, फुलं, आणि त्यांचे सहा-सात जुने विद्यार्थी, कोणी इंजिनीअर, कोणी तलाठी. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठायला लागले. म्हणाले, नाई नाई, राहू द्या. दोघांनी प्रेमानं खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. ते परत म्हणाले, राहू द्या ना बाबू. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी माईक तोंडाशी धरून म्हणाले, "सर लाजून राहिले, तुम्ही करा सुरू." सगळं सभागृह हसलं.

महेश नावाचा त्यांचा लाडका विद्यार्थी गुडघ्यावर बसला होता. डावा पाय आधी झाला. मग त्यानं उजव्या पायाचा, सरांनी स्वतःच कापून सैल केलेला बूट काढला, मोजा काढला आणि पँट वर केली. तेरा इंचाची मोहरी, हलकं कापड. एका हातानं, काही जोर न लावता, थेट गुडघ्यापर्यंत गेली. इतकी वर्षं ज्या घेरानं तो पाय झाकला, त्याच घेरामुळे तो इतक्या सहज उघडा पडला.

मी वर्णन करणार नाही. गुडघ्याखाली पाय आणि पाऊल वेगळं राहिलं नव्हतं, एवढं पुरे. टाळ्या पुढून मागे अशा थांबत गेल्या. महेशच्या हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी पायावर, पँटीवर सांडलं. कोणालाच काय करावं कळेना. शेवटी सर स्वतःच वाकले. त्यांनी पँट सावकाश खाली ओढली, मोजा हातात घेतला, महेशच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होते बेटा. ऊठ."

पुढचं मला जास्त छळतं. पत्रिकेत चार भाषणं छापलेली होती आणि ती चारही झाली. कारण थांबवायचं कसं, हे कोणाला सुचलं नाही. ओलं झालेलं ते हलकं कापड पायाला चिकटून बसलं होतं आणि आतला आकार पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होता. सर दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, समोर बघत, स्वतःची स्तुती ऐकत बसले होते. बोलायची वेळ आली तेव्हा उभे राहून म्हणाले, मुलं चांगली आहेत, त्यांना सांभाळा. आणि खाली बसले. भर उन्हाचे दिवस, पण कार्यक्रम संपेपर्यंत ते कापड वाळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडल्यावर मला रडूच आलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा केला, कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि मी न विचारताच ते सांगू लागले. चोविसाव्या वर्षी ते मूर्तिजापूरला मुलगी पाहायला गेले होते. पाय तेव्हा नुकता सुजायला लागला होता. दारात पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी सवयीनं पँट वर केली, पाय धुतले आणि आत जाऊन बसले. मुलगी बाहेर आलीच नाही. पोहेही आले नाहीत. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, पोरीची तब्येत बरी नाही. ओसरीच्या आतून कोणीतरी बाईमाणूस कुजबुजत होतं ते सरांना ऐकू आलं, पण ते काय बोललं हे त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात ते शेख मास्टरांकडे गेले. साऱ्या अकोल्यात तेवढा एक माणूस त्यांचा पाय जाणत होता, कारण त्याला माप घ्यावं लागायचं. त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

मी म्हणाले, सर, मला माफ करा. ते म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही प्रेमानंच केलं. मग त्यांनी कप खाली ठेवला. "फक्त एक झालं मॅडम. पोट्ट्यायले मी आठवीन तं आता मडके नाई आठवणार, बाष्पीभवन नाई आठवणार. तो पायच आठवन." मी नाही नाही म्हणाले. पण त्या दिवशी ते स्टेजवरून उतरताना मी स्वतः त्यांच्या पायाकडेच बघत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी बाहेर पडणं सोडलं. मी दोनदा गेले तर दाराला आतून कडी, आणि आतून आवाज, बरं आहे मॅडम, झोपलो होतो. मुलांनी एकदा त्यांच्यासाठी शुभेच्छांचं मोठं कार्ड करून पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. पावसाळ्यात या रोगाचा ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि लगेच डॉक्टर गाठावा लागतो. हे सगळं त्यांनी पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. पण डॉक्टरला पाय दाखवावा लागतो. चार दिवस ते तापात एकटे पडून राहिले. त्यांची धाकटी बहीण शकूताई अकोटला राहते. फोन उचलत नाहीत म्हणून ती बस धरून आली, शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. विष अंगात पसरलं आहे, दोन दिवस आधी आणायचे होते, असं डॉक्टर म्हणाले. शकूताईनं मला फोनवर एवढंच सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, भाऊ कोणाले सांगू नको म्हणत होता, तरी तुमाले सांगून राहिले.

मी गेले तेव्हा चार वाजले होते, भेटीची वेळ. लांबलचक वॉर्ड, तीसेक खाटा, प्रत्येक खाटेभोवती डबे घेऊन आलेले नातेवाईक. सरांची खाट मधल्या वाटेला लागून होती. सिस्टरनी पँट कात्रीनं कापून काढली होती. पाय दोन उशांवर उंच ठेवलेला, मांडीपासून बोटांपर्यंत उघडा, मलम लावलेला. त्यावर चादर टाकायची नाही, चिकटते, असं शकूताईला बजावून सांगितलं होतं. येणारे-जाणारे त्या खाटेशी आले की पाऊल हळू करायचे, बघायचे, पुढे जाऊन एकमेकांशी बोलायचे. एक बाई तर मुलाला कडेवर उचलून दाखवत होती.

सरांचे डोळे मिटलेले होते. तापानं ओठ फुटले होते. मी शकूताईशी हळू बोलले तरी त्यांनी आवाज ओळखला.

"मॅडम?"

"हो सर, मीच."

मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "पाय झाकला आहे ना?"

शकूताईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"हो सर," मी म्हणाले. "झाकला आहे. काहीच दिसत नाही."

त्यांनी मान हलवली. चेहरा सैल झाला. थोड्या वेळानं श्वास संथ झाला आणि त्यांना खरंच झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शकूताईचा फोन आला, पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते हे. भेटीची वेळ संपल्याची घंटा व्हायला अजून तास होता. मी त्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन, पायाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून, दोन्ही हातांनी पदर पसरून, सिस्टरनी बाहेर काढेपर्यंत उभी राहिले.